विजेची खातेवही

नाशिकमधील पुष्कळ घरांत स्वयंपाकघराच्या भिंतीवर एक दिनदर्शिका टांगलेली असते. तिच्या चौकटींत तिथी, वार आणि सण छापलेले असतात. पण त्यांच्याजवळच पेन्सिलीने लिहिलेले काही बारीक आकडेही दिसतात. एका चौकटीत 'दीड', दुसरीत 'दोन', तर एखाद्या चौकटीत नुसती फुली. हा असतो दुधाचा हिशेब. पाहुणे आले त्या दिवशी दूध अर्धा लिटर अधिक घेतले. घरची सारी मंडळी त्र्यंबकेश्वरास गेली त्या दिवशी घेतलेच नाही. महिना संपला की दूधवाला आपली वही उघडतो आणि आई दिनदर्शिका खाली काढते. दोन्ही बेरजा जुळल्या म्हणजे पैसे दिले जातात. कधी जुळल्या नाहीत, तर दोघेही एकेक दिवस ताडून पाहतात. चूक कोठे झाली हे लवकरच कळते आणि कोणाच्याही मनात किंतु राहत नाही.

या व्यवहारात एक साधी गोष्ट आहे. हिशेब देणाऱ्याजवळही आहे आणि घेणाऱ्याजवळही आहे. वह्या दोन आहेत, म्हणून विश्वास आहे.

आता याच घरात दूधाप्रमाणेच रोज येणारी आणखी एक वस्तू पाहा. ती भांड्यात मोजून घेता येत नाही, डोळ्यांना दिसत नाही, तिला रंग नाही की वास नाही. बटण दाबले की ती दिवा लावते, पंखा फिरवते, पाणी तापवते आणि दळण दळते. ती वस्तू म्हणजे वीज. महिन्याच्या शेवटी तिचेही बिल येते. परंतु कोणत्या दिवशी किती वीज घेतली, हे दिनदर्शिकेवर कोण लिहितो? बहुतेक घरांत कोणीही नाही. वर्षानुवर्षे ही वही एकाच बाजूची होती. ती ग्राहकालाही उघडून पाहता यावी, यासाठी आज जे प्रयत्न चालले आहेत, त्यांची माहिती आपण या पाठात करून घेऊ.

प्रथम ही वीज येते कोठून, ते पाहू. नाशिकरोडजवळ एकलहरे येथे मोठे औष्णिक वीजकेंद्र आहे. त्याची उंच धुरांडी दुरूनही नजरेस पडतात. आगगाडीने आलेला दगडी कोळसा तेथे भट्टीत जाळतात. त्या उष्णतेने पाण्याची वाफ होते, वाफेच्या जोराने चक्रे फिरतात आणि त्या चक्रांना जोडलेल्या यंत्रांतून वीज निर्माण होते. तेथे प्रत्येकी २१० मेगावॉट क्षमतेचे तीन संच आहेत. तथापि एकलहऱ्याची वीज केवळ नाशिकलाच मिळते, असे नाही. राज्यातील सर्व वीजकेंद्रे उंच मनोऱ्यांवरील तारांनी एकमेकांस जोडलेली आहेत. अनेक ओढे एका नदीस मिळावेत, त्याप्रमाणे कोळशाची, पाण्याची, वाऱ्याची आणि सूर्यप्रकाशाची वीज या तारांच्या जाळ्यात येऊन मिळते व तेथून गावोगावी वाटली जाते.

महाराष्ट्रात हे सारे काम १९६० साली स्थापन झालेले महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ करीत असे. पुढे २००५ साली या मंडळाचे विभाजन झाले. वीज निर्माण करण्याचे काम महानिर्मिती या कंपनीकडे, ती दूरवर वाहून नेण्याचे काम महापारेषणकडे आणि घरोघरी पोचवून तिचे बिल देण्याचे काम महावितरणकडे आले. विजेचा दर काय असावा, हे मात्र महावितरण स्वतः ठरवीत नाही. ते काम १९९९ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाचे आहे. माल विकणाऱ्याने आपल्या मालाची किंमत मनास येईल तशी लावू नये, हा त्यातील हेतू.

वीज मोजावयाची तर तिला माप हवे. दूध लिटरने मोजतात, कापड मीटरने मोजतात. वीज 'युनिट'ने मोजतात. एक हजार वॉट शक्तीचे उपकरण एक तास चालले, म्हणजे एक युनिट वीज खर्च होते. प्रत्येक उपकरणावर त्याचे वॉट लिहिलेले असतात, त्यावरून त्याची भूक ओळखता येते. ६० वॉटचा जुन्या पद्धतीचा दिवा एक युनिट वीज सुमारे पावणेसतरा तासांत संपवतो. त्याच्या जागी ९ वॉटचा एलईडी दिवा लावला, तर तेवढीच वीज १११ तास पुरते. ७५ वॉटचा पंखा एका युनिटवर १३ तास २० मिनिटे फिरतो. आणि पाणी तापवण्याचा २००० वॉटचा गीझर? तो एक युनिट अवघ्या अर्ध्या तासात फस्त करतो! यावरून ध्यानात येईल की, पुष्कळ वेळ चालणारे उपकरणच अधिक वीज खाते, असे नाही. वेळ आणि शक्ती या दोहोंचा गुणाकार महत्त्वाचा.

ही मोजणी करणारे यंत्र म्हणजे मीटर. मीटरचा इतिहासही मनोरंजक आहे. थोर संशोधक थॉमस एडिसन याने १८८२ साली न्यूयॉर्क शहरात घरोघरी वीज देण्यास आरंभ केला, तेव्हा त्याने एक चमत्कारिक मीटर योजला होता. एका बरणीत रसायनाचे पाणी असे व त्यात जस्ताच्या पट्ट्या बुडवलेल्या असत. वीज वाहू लागली की एका पट्टीवरील जस्त निघून दुसरीवर जाऊन बसे. ठरावीक दिवसांनी कंपनीची माणसे येत, पट्ट्या काढून नेत आणि त्यांचे वजन करीत. वजनात पडलेल्या फरकावरून बिल तयार होई. युक्ती नामी होती. पण घरमालकास तिचा काही उपयोग नव्हता. त्याला बरणीकडे पाहून काहीच समजत नसे. कंपनी सांगेल तो आकडा खरा मानावयाचा, एवढेच त्याच्या हाती होते.

१८८९ साली हंगेरी देशातील ओटो ब्लाथी या अभियंत्याने निराळ्या तत्त्वावरचा मीटर तयार केला. वीज वाहू लागली की त्यातील धातूची तबकडी फिरू लागे. वीज अधिक तर तबकडी वेगाने, वीज कमी तर सावकाश. या तत्त्वावरचे काळे मीटर आपल्याकडेही घरोघरी होते. तुमच्या आजीआजोबांना ते चांगले आठवत असतील. तबकडीच्या फेऱ्यांबरोबर वरचे आकडे पुढे सरकत आणि ते कोणालाही वाचता येत. बंद पेटीचे तोंड ग्राहकाकडे उघडण्याची ही पहिली पायरी होती, असे म्हणता येईल.

पुढे फिरत्या तबकडीच्या जागी इलेक्ट्रॉनिक मीटर आले. त्यात फिरणारा भाग नसतो. एक लहानसा तांबडा दिवा लुकलुकत असतो. काही मीटरांवर ३२०० असा आकडा छापलेला आढळतो. त्याचा अर्थ असा की, हा दिवा ३२०० वेळा लुकलुकला म्हणजे एक युनिट वीज खर्च झाली. समजा, तुम्ही घड्याळ लावून मोजले आणि तो एका मिनिटात १६ वेळा लुकलुकला. तर एका तासात तो ९६० वेळा लुकलुकेल. ९६०ला ३२००ने भागले, तर उत्तर येते ०.३ युनिट. म्हणजे त्या वेळी तुमच्या घरात ३०० वॉट शक्तीची उपकरणे चालू आहेत. आता एक पंखा बंद करून पुन्हा मोजा. दिव्याची गती मंदावलेली दिसेल. हा प्रयोग करताना मीटर केवळ दुरून पाहावा. त्याच्या पेटीस किंवा तारांस हात लावू नये.

मीटर आकडे दाखवतो. पण तो जिन्याखाली किंवा इमारतीच्या तळमजल्यावर बसवलेला असतो. रोज तेथे जाऊन आकडे कोण वाचणार? म्हणून महिन्यातून एकदा महावितरणचा माणूस येतो, मीटरचे छायाचित्र घेतो व आकडा नोंदवतो. मागील आकडा या आकड्यातून वजा केला की महिन्याचा वापर निघतो. बिलावर बारा अंकी ग्राहक क्रमांक, मागील नोंद, चालू नोंद आणि वापरलेली युनिटे दिलेली असतात.

बिलात आणखी एक महत्त्वाची गोष्ट असते. घरगुती विजेचा दर सर्व युनिटांना सारखा नसतो. तो टप्प्याटप्प्याने चढत जातो. पहिल्या १०० युनिटांचा दर सर्वांत कमी. १०१ ते ३०० युनिटांचा त्याहून अधिक. ३०१ ते ५००चा त्याहूनही अधिक आणि ५००च्या पुढचा सर्वांत जास्त. थोडकी वीज वापरणाऱ्या घरावर भार पडू नये आणि अधिक वापरणाऱ्याने हात आखडता घ्यावा, असा यामागील विचार आहे. साहजिकच आपण कोणत्या टप्प्यावर उभे आहो, हे ज्यास ठाऊक असते, तो वेळीच सावध होऊ शकतो. परंतु बिल येते महिना उलटल्यावर. तोवर वीज वापरून झालेली असते. पेपर तपासून हाती आल्यावर अभ्यासाची आठवण व्हावी, तसेच हे!

महिन्यातून एकदाच होणाऱ्या या नोंदीत खंड पडला, तर काय होते, याचा अनुभव महाराष्ट्राने २०२० साली घेतला. त्या वर्षी कोरोना रोगाची साथ आली. मार्चच्या अखेरीस देशभर टाळेबंदी झाली. मीटर वाचणाऱ्या माणसांस घरोघरी जाणे अशक्य झाले. तेव्हा महावितरणने आधीच्या महिन्यांची सरासरी काढून बिले दिली. पण ते आधीचे महिने होते हिवाळ्याचे. नाशिकची थंडी तर प्रसिद्धच आहे. डिसेंबर-जानेवारीत शेजारच्या निफाडचा पारा किती खाली उतरतो, याच्या बातम्या दरवर्षी वर्तमानपत्रांत येतात. त्या दिवसांत पंखे बंद असतात. उलट एप्रिल-मे हे उन्हाळ्याचे महिने. त्यातून सारी माणसे दिवसभर घरातच. पंखे, दिवे, दूरदर्शन संच आणि संगणक अहोरात्र चालू होते. वापर वाढत होता आणि बिल मात्र हिवाळ्याचेच येत होते.

जून महिन्यात मीटर पुन्हा वाचले गेले आणि राहिलेला सारा वापर एकदम बिलात आला. लोक चकित झाले, रागावले. पुष्कळांची मिळकत त्या काळात बंद पडली होती. त्यांना तर हा आकडा पाहून चिंता वाटू लागली. बिल खरे की खोटे, असा प्रश्न घरोघरी विचारला जाऊ लागला.

आपण एक उदाहरण घेऊन हा हिशेब करून पाहू. समजा, एका घरातील मार्चमधील नोंद ४५२० होती. हिवाळ्यात त्या घरी महिन्यास सरासरी ६० युनिटे लागत. म्हणून एप्रिलमध्ये ६० व मेमध्ये ६०, अशी १२० युनिटांची बिले आली. जूनमध्ये मीटर पाहिला तर नोंद ४७९०. म्हणजे तीन महिन्यांत २७० युनिटे वापरली गेली होती. त्यांपैकी १२०चे बिल आधी दिले होते, राहिली १५०. ज्या घरास ६० युनिटांची सवय, त्यास १५० युनिटे पाहून धक्का बसणारच. पण येथे दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. ही २७० युनिटे एकाच महिन्याची धरली, तर १०० युनिटे पहिल्या टप्प्यात आणि १७० युनिटे वरच्या दराच्या टप्प्यात जातील. तीच तीन महिन्यांत वाटली, तर दरमहा ९० युनिटे होतील आणि सर्वच्या सर्व पहिल्या, स्वस्त टप्प्यात बसतील. युनिटे तीच, मीटर तोच. परंतु हिशेब कसा मांडला यावर रकमेत मोठा फरक पडतो. त्या वेळी वापर महिन्यांत वाटून टप्प्यांचा लाभ देण्यात आला आहे, असे महावितरणने सांगितले आणि ग्राहकास आपले बिल स्वतः पडताळता यावे, म्हणून संकेतस्थळावर तशी सोय केली. ग्राहक क्रमांक घातला की हिशेबाची फोड समोर दिसे.

या प्रसंगातून दोन गोष्टी शिकावयास मिळाल्या. केवळ 'बिल बरोबर आहे' असे सांगून लोकांचे समाधान होत नाही. ते कसे बरोबर आहे, हे दाखवावे लागते. आणि ज्यांनी टाळेबंदीतही आपल्या मीटरचा आकडा वाचून लिहून ठेवला होता, त्यांना पडताळणीस कोणाच्या तोंडाकडे पाहावे लागले नाही. त्यांच्याजवळ दुसरी वही होती.

त्याच वर्षाच्या अखेरीस केंद्र सरकारने वीजग्राहकांच्या हक्कांविषयी नियम केले. आपल्या वापराची माहिती संकेतस्थळावर, मोबाइलवर किंवा संदेशाद्वारे मिळण्याची तरतूद त्यांत आहे. २०२३ साली या नियमांत सुधारणा झाली. ज्या घरी नव्या प्रकारचा स्मार्ट मीटर असेल, त्याची नोंद दिवसातून निदान एकदा दुरूनच घेतली जावी व ती माहिती ग्राहकास मिळावी, असे ठरले. वापर पाहून ग्राहकाने आपला निर्णय आपण घ्यावा, हा त्यामागील उद्देश.

हा नवा मीटर काम कसे करतो? जुना मीटर फक्त एकूण बेरीज सांगतो. नवा मीटर प्रत्येक अर्ध्या तासाचा वापर निरनिराळा लिहून ठेवतो. त्याच्या पोटात घड्याळ आहे, स्मरणशक्ती आहे आणि संदेश पाठवण्याचे साधनही आहे. मोबाइल फोन ज्याप्रमाणे बिनतारी संदेश धाडतो, त्याप्रमाणे हा मीटर आपल्या नोंदी वीजकंपनीच्या संगणकाकडे धाडतो. तेथे त्या ग्राहक क्रमांकानुसार लावून ठेवल्या जातात. ग्राहकाने मोबाइलवरील ॲपमध्ये आपले खाते उघडले की ही नोंद आलेखाच्या रूपाने त्याच्यासमोर येते. आता गणित करा. दिवसाचे अर्धे तास ४८. तीस दिवसांचे अर्धे तास १४४०. पूर्वी महिन्याकाठी एक आकडा हाती पडे. आता १४४० आकडे पडतात. एक मोठा दगड आणि त्याच दगडातून घडवलेल्या पायऱ्या यांत जो भेद, तोच येथे आहे. पायऱ्यांवरून चढता येते.

या आकड्यांचा उपयोग काय, असे कोणी विचारील. समजा, इंदिरानगरातील एका कुटुंबास महिन्यास ९० युनिटे लागतात. मध्यरात्रीनंतर दोन ते चार या वेळात सारे झोपलेले असतात. तेव्हा केवळ एक पंखा आणि शीतकपाट चालू असते. त्या वेळी दर अर्ध्या तासास ०.०५ युनिट खर्च झाल्याचे आलेखात दिसते. पुढे एका महिन्यात हाच आकडा ०.१० दिसू लागला. माणसे तीच, पंखा तोच. मग ही जादा वीज कोण खातो? घरच्यांनी शोध घेतला. शीतकपाटाच्या दाराचे रबर झिजले होते. दार नीट बसत नव्हते, बाहेरची उष्णता आत जात होती आणि त्याच्या यंत्रास क्षणाचीही उसंत मिळत नव्हती. अर्ध्या तासास ०.०५ युनिट, म्हणजे दिवसास २.४ आणि महिन्यास ७२ युनिटे वाया जात होती! महिन्याचा वापर ९०वरून १६२वर जाऊन ६२ युनिटे वरच्या दराच्या टप्प्यात पडली असती. नुसत्या बिलावरून वापर वाढला एवढेच कळले असते. तो का वाढला, हे कळण्यास वेळ कोणती हे समजावे लागते. एरवी 'तू दिवे चालू ठेवतोस', 'तू पंखा बंद करीत नाहीस', असे घरातल्या घरात एकमेकांस बोल लावण्यात महिना गेला असता, आणि खरा चोर स्वयंपाकघरात उभाच राहिला असता.

विजेच्या वेळेस दुसऱ्याही एका कारणाने महत्त्व आले आहे. महाराष्ट्रात सूर्यप्रकाशापासून होणारी वीज झपाट्याने वाढते आहे. ही वीज भर दुपारी विपुल असते, परंतु सूर्य मावळला की संपते. नेमक्या त्याच वेळी घरोघरी दिवे लागतात, दूरदर्शन संच सुरू होतात, आणि मग एकलहऱ्यासारख्या केंद्रांतील कोळशाच्या भट्ट्यांवर ताण येतो. म्हणून जे काम दिवसा होण्यासारखे आहे ते दिवसाच उरकावे, यासाठी जुलै २०२५ पासून असे नवे मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांस सकाळी ९ ते सायंकाळी ५ या वेळातील वापरावर दरात सवलत देण्यास आरंभ झाला. कपडे धुण्याचे यंत्र किंवा इस्त्री रात्रीऐवजी दुपारी चालवली, तर त्या घराचे पैसे वाचतात आणि कोळसाही वाचतो. एक युनिट वीज कोळशापासून तयार करावयाची, तर अर्ध्या किलोहून अधिक कोळसा जाळावा लागतो. हे ध्यानात घेतले म्हणजे एकेका घराच्या काटकसरीचे मोल कळते.

असे प्रयत्न इतर देशांतही झाले आहेत. अमेरिकेत अनेक वीजकंपन्या आहेत आणि प्रत्येकीची हिशेब ठेवण्याची तऱ्हा निराळी. त्यामुळे ग्राहकास माहिती मिळाली, तरी ती ताडून पाहणे अवघड जाई. २०११ साली तेथील सरकारचे तंत्रज्ञानप्रमुख अनीश चोप्रा यांनी वीजकंपन्यांस आवाहन केले. प्रत्येकीने आपल्या संकेतस्थळावर एक हिरवे बटण ठेवावे. ते दाबताच ग्राहकास आपल्या वापराची सर्व नोंद एकाच ठरावीक नमुन्यात मिळावी, असे त्यांनी सुचवले. २०१२ सालच्या आरंभी कॅलिफोर्नियातील कंपन्यांनी अशी सोय करून दाखवली व नंतर इतरांनी ती उचलली. नमुना एकच असल्यामुळे ग्राहक ती नोंद स्वतः तपासू शकतो, किंवा आपल्या विश्वासातील जाणकारास दाखवून सल्ला घेऊ शकतो. एडिसनच्या बरणीपासून या हिरव्या बटणापर्यंतचा प्रवास सुमारे १३० वर्षांचा आहे.

परंतु प्रत्येक सोयीबरोबर काही जबाबदारी येते. अर्ध्या अर्ध्या तासाच्या नोंदीवरून घरातील माणसे केव्हा उठतात, केव्हा झोपतात, घर केव्हा रिकामे असते, हेसुद्धा ताडता येते. दुधाच्या हिशेबावरची फुली आई व दूधवाला यांनाच ठाऊक असते. ती चौकात लावलेली नसते. विजेच्या नोंदीचेही तसेच असावयास हवे. नेदरलँड्स देशात २००९ साली असे मीटर सक्तीने बसवण्याचा कायदा संसदेच्या वरिष्ठ सभागृहाने याच काळजीपोटी मान्य केला नाही. आपल्या देशातही वैयक्तिक माहितीच्या रक्षणासाठी २०२३ साली कायदा करण्यात आला. म्हणून आपल्या खात्याचा परवलीचा शब्द किंवा फोनवर आलेला ओटीपी कोणासही सांगू नये. वीज तोडण्याची भीती घालून तो मागणारा माणूस लबाड आहे, असे खुशाल समजावे.

महाराष्ट्रातही लोकांनी नव्या मीटरांविषयी अनेक शंका विचारल्या. आधी पैसे भरावयाचे आणि मग वीज वापरावयाची, ही पद्धत पुष्कळांना पसंत पडली नाही. तिला ठिकठिकाणी विरोध झाला आणि जून २०२४ मध्ये, सामान्य घरगुती ग्राहकांस आगाऊ पैशांचे मीटर बसवले जाणार नाहीत, असे राज्य सरकारने जाहीर केले. यंत्र कितीही चांगले असो, ते ज्याच्या दारात लावावयाचे त्यास त्याचे काम समजावून सांगितले पाहिजे आणि त्याचे म्हणणेही ऐकून घेतले पाहिजे. यंत्राने आकडे मिळतात; विश्वास माणसांनीच मिळवावा लागतो.

आणखी एक गोष्ट विसरता कामा नये. सर्वांच्या हाती मोबाइल फोन नसतो. असला, तरी सर्वांस तो वापरता येतोच असे नाही. पंचवटीतल्या जुन्या वाड्यात एकटीच राहणारी एखादी आजी आलेख कसा पाहणार? येथे तुमच्यासारख्या मुलांना काम आहे. तिच्या मीटरवरील आकडा तिला वाचून दाखवा. बिलावरील मागील नोंद, चालू नोंद आणि वजाबाकी समजावून सांगा. तिच्या दिनदर्शिकेवर तो आकडा मोठ्या अक्षरांत लिहून द्या. तिला नवा आलेख दिसला नाही, तरी तिचा हिशेब तिच्या भिंतीवर राहील.

तुम्ही स्वतःही आजपासून आरंभ करू शकता. रोज एकाच वेळी, म्हणजे सकाळी शाळेस जाण्यापूर्वी, मीटरचा आकडा वाचा आणि दिनदर्शिकेच्या चौकटीत लिहा. दुसऱ्या दिवशीच्या आकड्यातून तो वजा करा. सात दिवसांनी सात वजाबाक्या तुमच्यापुढे असतील. कोणत्या दिवशी वापर वाढला आणि त्या दिवशी घरात काय विशेष घडले, हे आईवडिलांसमवेत बसून पाहा. बिल आले की तुमची बेरीज आणि बिलावरील आकडा ताडून पाहा. जुळला, तर समाधान वाटेल. न जुळला, तर प्रश्न विचारा. कारण प्रश्न विचारण्याजोगा पुरावा तुमच्या हाती असेल.

दिनदर्शिकेवरील दुधाच्या आकड्यांशेजारी विजेचेही आकडे दिसू लागले, म्हणजे वह्या दोन झाल्या.